सासाफ्रासचे दोन कोंब

ती. आईस,

सुप्रभाचा कार्डिफहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? शेजारची वीणा तुला फिरायला नेते ना?

सासाफ्रास नावाच्या झाडाचं रानटी बी मी अमेरिकेतल्या एका टेकडीवरून आणलं होतं, आठवतं? तिथली झाडं आता रोगानं गेली. कुठल्या टेकडीचं बी रोगाला पुरून उरेल ते सांगता येत नाही, म्हणून सगळीकडचं जपायचं, हेच आमचं काम. पण दोन हिवाळे आमच्या ग्रीनहाऊसमधला तो ट्रे नुसता मातीचाच राहिला. सोमवारी माझी बॉस हेलन म्हणाली, "लेट इट गो, सुप्रभा. जागा हवी आहे."

मी आठवडा मागून घेतला. तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही, सारखी माती बघून येते.

आज दोन कोंब आले, आई! आनंद झाला, पण एक अडचण आहे. यात नर-मादी झाडं वेगळी असतात; दोन्ही नर किंवा दोन्ही मादी निघाली तर बी धरणार नाही. ही कोणती, ते फुलं येईपर्यंत कळणार नाही. त्याला दहा वर्षंही लागतील.

हेलननं विचारलं, "तोवर राहशील ना?"

मी हो म्हणून बसले. यंदा कायमची परत येईन असं तुला कबूल केलं होतं, तरीही.

रागावलीस तरी रविवारी फोन उचल.

तुझीच,
सुप्रभा