सासूबाईंची पेन्शन, दोन किनाऱ्यांवरची

१५ फेब्रुवारी २००८, शुक्रवार

आज पेन्शनचा दिवस. शेजारच्या जपानी त्सुजीबाई पोस्टातून पेन्शन घेऊन येताना नेहमीप्रमाणे गोड सारण भरलेल्या मांजूंची पुडी देऊन गेल्या. सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतली, हसल्या. दार लागल्यावर माझ्याकडे सरकवली — "तूच खा. मला गोड बाधतं." बाधत नाही, मला ठाऊक आहे.

दोघी एका वयाच्या. चपलांच्या एकाच कारखान्यात जन्मभर गोंद लावला. कर दोघींनी भरला. पण पेन्शनमध्ये आम्हा कोरियन माणसांना घेतच नव्हते; घ्यायला लागले तेव्हा सासूबाईंचं वय उलटून गेलं होतं. साठ वर्षं ओसाकात — हाती शून्य.

२ मार्च

कोरियातल्या जेजू बेटावरून चांगहो मामांचा फोन. सासूबाईंचे धाकटे भाऊ.

"ताई, यंदापासून आमचं सरकार म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देतंय. कधी काही भरलं नव्हतं, तरी देतंय! थोडेच, नातवाच्या खाऊपुरते."

"मी तिथे येऊन राहिले तर मला मिळतील? जन्म माझाही तिथलाच."

 मामांनी घाईघाईनं "बघतो" म्हणून फोन ठेवून दिला.

३ मार्च

हे चिडले. "आई, मी काय उपाशी ठेवतो तुला?"

"नाही रे. पण बुद्धापुढे दिवा लावते तोही तुझ्याच पैशाचा. पुण्य सगळं तूच नेतोस." हेही हसले मग. मला हसू आलं नाही.

दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहिला. इथली पेन्शन मोठी, पण ती त्यांची नाही. तिथली लहान — पण आपली. देवळात जाऊन मिळू दे म्हटलं. हात जोडलेले असतानाच वाटलं, मिळाली तर ह्या जाणार.

६ मार्च

सासूबाईंनी पेटी काढली. लोकरीचे कपडे वर ठेवले. "तिथे वारा फार."

९ मार्च

मामा फोनवर रडत होते. "ताई, कागदोपत्री तू मेलेली आहेस."

सासूबाई होडीतून पळून आल्या त्या साली जेजूवर बंड मोडणं चालू होतं; पळालेल्यांच्या मागे राहिलेल्या घरच्यांना पोलीस धरून नेत होते. म्हणून त्यांच्या वडिलांनीच जाऊन नोंदवलं — मुलगी समुद्रात बुडाली. घर वाचलं. पुढे सासूबाईंचं पत्र पोचलं, पण गावात बोलायची सोय नव्हती. दरवर्षी श्राद्धही घालत राहिले. अजून घालतात.

"कोर्टात जाऊ, ताई. जिवंत करून घेऊ. वर्ष-दोन वर्षं लागतील."

"त्र्याऐंशीची झाले मी. जिवंत व्हायला वेळ कुठला?" मग थांबून विचारलं, "पानात काय वाढता रे मला?"

"भाजलेला लाल मासा. तुला आवडायचा तो."

"बरं. दोन देशांत एकानं तरी जेवू घातलं म्हणायचं."

१० मार्च

पेटी माळ्यावर गेली. लोकरीचे कपडे मी आतच राहू दिले.

१५ एप्रिल

पेन्शनचा दिवस. मांजू आले. आज सासूबाईंनी दोन खाल्ले. बोटं पुसत म्हणाल्या, "सूनबाई, मी गेले की नवी तिथी धरू नका. तिकडची चालू आहे, तीच धरा."