बाहेरून कुलूप

४ मार्च
साहेबांनी नवं काम गळ्यात मारलं. देशभरचं नमुना सर्वेक्षण जनगणनेतल्या लांबलचक प्रश्नांची जागा घेऊ शकेल का, ते आपल्या जिल्ह्यापुरतं तपासायचं. म्हणजे पाणी, संडास, आजार हे घरोघर विचारायचं नाही. निवडक घरांत विचारायचं, बाकीच्यांचा अंदाज. कल्पना वाईट नाही. मास्तर लोकांची उन्हातली वणवण तरी वाचेल.

६ मार्च
शहराच्या टोकाच्या कुरुद वस्तीचे आकडे आले. म्हणे सगळ्यांकडे नळ. आमचा दादा तिथेच राहतो. वहिनी टँकरची वाट बघते, नाहीतर बोअरचं पिवळं पाणी गाळून भरते. दादाची किडनी बिघडल्यापासून डॉक्टरांनी ते पाणी बंद सांगितलंय. मग हे नळ आले कुठून?

९ मार्च
साहूबरोबर गेले. सर्वे तोच करतो, कामाला चोख. भर दुपारी दादाच्या गल्लीत ओळीनं कुलपं. साहू मोबाइलवर 'बंद' दाबतो नि नियमाप्रमाणे बदली घर घ्यायला पुढच्या कॉलनीत जातो. तिथे नळच नळ.
दादाच्या दाराशी थांबले. कुलपाआडून पंख्याचा आवाज, आणि त्यावर दादाचं घोरणं. आधी हसू आलं. मग नाही आलं.

१० मार्च
वहिनीला विचारलं, बाहेरून कुलूप कावून?
"मंग काय करू? हे नाइट करून येतेत. जरासा डोळा लागला का कोनी ना कोनी दार वाजवते. कुलूप दिसलं का वापस जाते."
गल्लीभर हीच रीत. नवरे कारखान्यात ठेकेदाराच्या रात्रपाळीत, बायका दिवसा सेक्टरात, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, घरकामाला. काही झालं तर, म्हटलं.
"मांगची खिडकी हाय नं."

१२ मार्च
साहेबांना सांगितलं, जनगणनेत गणक दार उघडेपर्यंत फेऱ्या मारतो. इथे बंद घर पुसलंच जातं, आणि ज्यांना पाणी नाही त्यांचीच घरं बंद. साहेब शांतपणे म्हणाले, "ताला था, बदली घर लिया. बात ख़त्म." टँकर ठरवणाऱ्या पाणीखात्यानं हे आकडे आधीच नेलेत, हेही सांगितलं. दादा तिथे राहतो म्हटल्यावर चेहराच बदलला. घरचा मामला असेल तर तुम्ही लिहूच नका, म्हणे.
भीती वाटली. कशाची, ते नीट सांगता येईना.

१६ मार्च
वहिनीचा फोन. टँकर आला नाही. परवाही नव्हता. ड्रायव्हर म्हणतो, इधर तो नल है. बोअरवरच चाललंय. दादाचे पाय सुजलेत तरी ड्यूटीला जातोय, खाडा केला तर ठेकेदार काढून टाकेल. मी कॅन आणते म्हटलं तर मागून दादाचा आवाज, "तुह्या कॅननं गल्ली जगन का?"


१७ मार्च
अहवालात वाक्य घातलं होतं: 'बंद नोंदलेल्या घरांत माणसं झोपलेली असतात; इथे सर्वेक्षण पुरेसं नाही.' साहेबांनी कापलं. उद्या सही हवी. मी नाही केली तर दुसरं कोणी करेल. रागानं जेवण गेलं नाही.

१८ मार्च, दुपार
सही न करताच निघाले. कॅन घेऊन कुरुदला. कुलूप.
पायरीवर बसून लिहितेय, हाताला काहीतरी हवं म्हणून. पंखा चालू आहे. घोरणं नाही. हाका मारल्या, दार बडवलं. फोन केला तर आतच वाजतो. मागच्या खिडकीत परवाच कूलर बसवलाय, काही दिसत नाही. वहिनी किल्ली घेऊन निघालीय, पण सेक्टरातून यायला वेळ लागणार. हाक ऐकून गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. कसं उघडेल?
साहू इथेच जवळपास फिरत असतो. त्याला फोन लावला, हातोडी घेऊन ये म्हटलं.
"लेकिन मैडम, वो घर तो बंद है ना?"
म्हटलं, नाही. आत माणूस आहे.