घटाची माती

पोर्ट ब्लेअर, ४ ऑगस्ट २०२५

ती. आईस रुद्राणीचा सा. न.

कपडे वाळत नाहीत, बाकी क्षेम. फोनवर निम्मं ऐकू येत नाही म्हणून लिहितेय.

मी इथल्या मातीतले माइट निवडते, हे तुला ठाऊक आहे. गोचिडाच्या कुळीतले, पण रक्त न पिणारे, कुजक्या पानांवर जगणारे, टाचणीच्या टोकाएवढे. माती चाळणीवर ठेवून वर दिवा लावायचा. ऊब लागली की ते खाली सरकतात, बाटलीत पडतात. मग पाठीवरचे केस बघून जात ठरवायची. क्वार्टरमागच्या बदामाखाली एक असा मिळालाय, की सर म्हणतात, ही या बेटावरची नवीच जात! बाबांची अट आठवते ना? दसऱ्यापर्यंत नाव घेण्यासारखं काही केलं तर राहा, नाहीतर सोलापूरला परत ये.

पण मला काही सुचेना. बेटावर दुसरीकडे तो कुठंच नाही. त्याच्याशी जुळणारी एक जुनी जात आहे, ती आपल्याकडच्या कोरड्या मुलखातली. गेल्या नवरात्रात तू इथं घट बसवायला दुधनीच्या रानातली माती आणली होतीस. मी दुसऱ्या बेटावर असताना घट उठवलास. ती माती कुठं टाकलीस? बदामाखाली तर नाही ना? आणि ताडून बघायला त्याच रानातली मूठभर पाठव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
रुद्राणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर, १६ ऑगस्ट

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, तरी गोचीड रक्त पीत नाही म्हणजे काय, ते कळलं नाही. रान कसणाऱ्या मल्लिनाथकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, मातीत गोचीड आसतंय व्हय, पोरीला घरी बोलवा की.

माती पाठवलीय. तू दिव्याने तापवतेस म्हणून मी आधीच तव्यावर खरपूस भाजली, कडुलिंबाचा पाला घातला. आता एकही किडा तुला त्रास देणार नाही.

माती कुठं टाकली, ते नीट आठवेना. बाबांनी तुझी रजई उन्हात घातलीय, दसऱ्याला तू येणार म्हणून. मलाही तू हवीस, आणि तुझं नावही व्हायला हवं. मी तरी काय करू? तुला कुठं टाकलेली हवी ते कळव. तेच आठवते.

जेवत जा, रागावू नको.
तुझी आई

पोर्ट ब्लेअर, २७ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

भाजलेली माती मिळाली. आधी हसले, मग रडले. अगं, मला ते जिवंत हवे होते! कच्ची माती पाठव, ओल्या फडक्यात.

खरं सांगते, तू 'समुद्रात टाकली' म्हणावंस असं मला दोन दिवस वाटत होतं. पण दुधनीचा जीव मी बेटाचा म्हणून छापला, तर पुढचे लोक तेच खरं धरून चालतील. त्यापेक्षा मी परत येईन. आठव, आई. खरंच आठव.

तुझीच, गोंधळलेली
रुद्राणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, ८ सप्टेंबर

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

बदामाखालीच टाकली, बाळ. समुद्रावर निघाले होते, पण धान इतकं हिरवंगार उगवलं होतं की खाऱ्या पाण्यात सोडवेना. तुझं केलेलं मीच मोडलं.

कच्ची माती बाबांनी स्वतः दुधनीहून आणली. त्यांना पत्रं वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, आपल्या रानातला तो जीव त्या दमट हवेत वर्षभर जगला व्हय? मी म्हटलं, जगला, शिवाय पिलावळही झाली असेल. ते उठले आणि रजई घडी करून कपाटात ठेवली.

पार्सलात दोन पिशव्या आहेत. ओल्या फडक्यातली तुझ्या दिव्याखाली ठेवायची. दुसरी कोरडी, तिच्यावर बाबांनी लिहिलंय, 'रुद्राणीच्या घटाला'. यंदा तिथंच बसव. आणि उठवल्यावर माती कुठं टाकतेस, ते तेवढं लक्षात ठेव.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळ.
तुझी आई