पंचाशी भांडलात त्या दिवसाबद्दल

सर, आज पुन्हा मैदानाच्या पायरीवर एकटाच बसून डबा खाल्ला. मुलुंडच्या आपल्या कॉलेजात आता बास्केटबॉल मी शिकवतो, फुटबॉलला वेगळा कोच आहे. प्रॅक्टिस संपली की मुलं मोबाइल काढतात आणि पांगतात. तुमच्या वेळी दोन्ही खेळांना कोच एकच, आणि पोरंही तीच. सकाळी फुटबॉल, संध्याकाळी बास्केटबॉल. "आधी पाय, मगे हात," असं मालवणीत म्हणत तुम्ही बास्केटबॉलच्या आधीसुद्धा अर्धा तास आम्हाला चेंडू पायानेच खेळवायला लावायचात. बाकीच्या कॉलेजांचे कोच हसायचे. हसेनात का! त्यांच्या पोरांना आम्ही पळवून पळवून घाम फोडायचो.

आणि मग ती फायनल. आपण एका गुणाने मागे, शेवटचे चार-पाच सेकंद. पास माझ्याकडे येतोय, समोर रिंग मोकळी. माझा पाय पुढे जातो, चेंडू पायाला लागून बाजूला, पण कोर्टातच. शिट्टी! चुकून पाय लागला तर चालतं, मुद्दाम लावला तरच चेंडू समोरच्यांना देतात. पंचाने तो त्यांना दिला. तुम्ही कधी आवाज न चढवणारे, पण त्या दिवशी पंचावर धावून गेलात. "अहो, पोरगो सकाळी फुटबॉल खेळता! सवयीन लागलो पाय त्याचो. मुद्दाम कित्याक लावतलो?"

आपण हरलो. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल म्हणाले, दोन खेळांची खिचडी केलीत तुम्ही. तुम्ही म्हणालात, सवय मी लावली, चूक माझी. बास्केटबॉल तुमच्याकडून काढून घेतला. मी रडवेला होऊन आलो तर कॅन्टीनचा वडा पुढे केलात, "गप रे, खा आधी." पुढे रिटायर होईपर्यंत तुम्ही याच पायरीवर, रिंगकडे पाठ करून एकटे जेवायचात. मला बघवायचं नाही, म्हणून मी मागच्या गेटने जायचो. आता तिथे मी बसतो, आणि फार एकटं वाटतं, सर.

हे पत्र पाठवायचं कुठे, असं म्हणून सुटता येईल. पण तुम्ही होतात तेव्हा दोन गल्ल्या सोडूनच राहायचात. तेव्हाही आलो नाही.

चेंडू मला नीट दिसला होता. शॉट हुकला असता तर सगळ्यांनी माझ्या नावाने खडे फोडले असते, म्हणून पाय घातला.

सर, पंच बरोबर होता.