कानांचा दाखला

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. दाजींचा खोकला थांबला का? मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, ते आईकडून कळलं. रागावू नकोस. परीक्षा तोंडावर आल्यात, मान वर करायला फुरसत नाही.

माझा शिकवण्याचा परवाना या महिन्याअखेर संपतोय. तो मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते, तुला आठवत असेल. दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या वेळी तू रजा टाकून केंद्राबाहेर बसून राहिलीस. आता परीक्षा नाही, फक्त डॉक्टरांचा दाखला हवा. डोळे, कान, एकंदर तब्येत. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं? म्हटलं, तूच सही करून पाठव. दोन ओळींचं तर काम.

एवढंच लिहून पत्र पाकिटात घालणार होते. पण तू तपासल्याशिवाय सही करायची नाहीस, आणि मी तपासू का देत नाही हेही विचारशीलच.

ताई, मला ऐकू येत नाही. डावा कान गेल्या वर्षीच गेला, उजवाही त्याच वाटेवर आहे. फोनवर नुसती खरखर येते, म्हणून उचलत नाही. घरात म्हातारी आई, पण टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून तीच माझ्यावर ओरडते. वर्गात मी मुलांच्या ओठांवरून निभावते. उत्तर कळलं नाही की म्हणते, फळ्यावर येऊन लिही. मुख्याध्यापिका बाई त्यावर खूश होत्या. तुमच्या मुलांना फळ्याची भीती राहिली नाही, म्हणाल्या. मी हसून वेळ मारून नेली.

गुरुवारी मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. पाठ वर्गाकडे. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, इतकी बारीक की सगळे तिला टाचणी म्हणतात. तिला दमा आहे. तिचा श्वास अडकला. तिने हाक मारली, मग शेजारणीने मारली, मग अख्खा वर्ग ओरडायला लागला. मी गणित पूर्ण केलं. कुणीतरी बाही ओढली तेव्हा वळले. टाचणी बाकाखाली पडली होती, ओठ निळे.

तिला उचलून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात धावत नेलं. वाचली गं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि माझे हात धरून रडली. "बाई, तुम्ही होतात म्हणून," एवढं कळलं. पुढचे आभार मला ऐकूच आले नाहीत. वर्गातल्या एकाही मुलाने तोंड उघडलं नाही. बाईंना बोलणी खावी लागतील, असं वाटलं असेल त्यांना.

मला दुसरं काही येत नाही, ताई. परवाना गेला तर सकाळी उठून मी कुठे जाऊ? तुझी एक सही झाली की मी पुन्हा वर्गात, कुणाला पत्ताही लागणार नाही. हे मी रोज घोकते. आणि मग टाचणीचे ओठ दिसतात.

आज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या खुर्चीतून उठल्या. मग माझ्यासमोर येऊन एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "उद्यापासून तुमचा वर्ग मी घेते. तुम्ही आधी कान दाखवून या." परवान्याचं काय होईल, ते त्यांनाही ठाऊक नाही. कानाला यंत्र लावून काहींना मिळतो म्हणे, काहींना नाही.

शनिवारी येतेय. स्टँडवर घ्यायला ये. मागून हाक मारू नकोस, समोर येऊन उभी राहा. मला तपास आणि जे निघेल तेच लिही. मी तुझ्या दारात रडेन, पाया पडेन, तू माझी सख्खी बहीण ना म्हणून भांडेनही. तरी दुसरं काही लिहू नकोस.

तुझ्याच भरवशावर असलेली,
धाकटी