टीव्हीवर आलेला कागद

रायपूर, मंगळवार, संध्याकाळ

यांनी बैठकीतल्या टीव्हीले कम्प्युटर जोडला, तेव्हापासून सिनेमा, गाणी, सगळं त्याच्यावरच. पण थोडा वेळ कोणी हात नाही लावला, की तो आपोआप घरचे फोटो दाखवतो, हे मले कोण सांगणार?

माझ्या गाठीचा रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरीणबाईले पाठवायचा होता. माझ्या ऑफिसात स्कॅन केला, घरच्या कम्प्युटरवर आणला आणि कोणाले दिसू नये म्हणून लग्नाच्या फोटोंत लपवून ठेवला. काय अक्कल माझी!

आज सिनेमा संपला. सासूबाई वाती वळत होत्या, माझी पोरगी पिंकी अभ्यास करून राहिली होती. मी चहा घेऊन आली, तर टीव्हीवर आमचं लग्न सुरू. हार, सप्तपदी, आणि मग तो कागद. अख्ख्या टीव्हीएवढा. वर माझं नाव.

"हे काय वं?" सासूबाईंनी विचारलं.

पिंकीनं उठून बटणच बंद केलं. "कुछ नहीं आजी, मेरा कॉलेज का फॉर्म है।"

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून ऑफिसचं काम वाढलं, हे आठाशिवाय घरी येत नाहीत, म्हणून वाचली. सासूबाईले इंग्रजी येत नाही. पण पिंकीले येते. किती वेळ होता तो कागद? पाच सेकंद? पाच सेकंदात किती वाचून होते?

भांडी घासताना ती मागे येऊन उभी राहिली. मी वळली नाही. ही पोट्टी माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही, नेहमी हिंदीच. आज हळूच म्हणाली, "आई, बाबाले माहीत आहे?"