मिथिलाला न दिलेलं पान

प्रिय अहो,

लग्नाच्या इतक्या वर्षांत तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आणि आता लिहितेय ते रिंकच्या पार्किंगमध्ये, गाडीत एसी लावून. तासाभरात मिथिलाची आइस हॉकीची मॅच आहे. कोचने तिला बजावलंय, आजही गोलवर फटके मारले नाहीस तर पुढच्या फळीतून काढून मागे बचावाला ठेवीन. तुम्हाला जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून पोरीने एक फटका मारलेला नाही. काठीशी पक, ती काळी रबरी चकती, आली की दुसरीला देऊन मोकळी!

विचारलं तर "इट्स फाइन, आई" एवढंच. फाइन काय? नखं कुरतडून बोटं लाल झालीत तिची.

तुम्ही स्वतः कधी स्केट घालून उभे राहिला नाहीत. इथे आखातात आल्यावर आधी शुऐबा बंदरातल्या कोल्ड स्टोअरेजमध्ये, मग या रिंकच्या कूलिंग प्लांटवर मेकॅनिक. पण सराव संपला की बर्फ सारखा करायची गाडी फिरवण्याआधी तुम्ही वही घेऊन आत जायचात. गोलच्या मागे पांढऱ्या फळ्यांवर पकचे काळे डाग उठलेले असायचे, ते टिपून घ्यायचात. चिपळूणचा माणूस वाळवंटात बर्फाचा पंचनामा करतोय, म्हणून मी हसायचे.

त्या डागांवरून तुम्ही तिला शिकवलंत. तुझे चुकलेले फटके सगळे उजवीकडे आणि वर जातात, म्हणजे शेवटी काठी उचलतेस. जिथे मारायचंय तिकडेच टोक रोखून ठेव. थांबून नेम धरू नकोस, पळतानाच मार, नाहीतर गोलकीपर सावध होते. तिच्याकडे नको, तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघ. महबूलातल्या आपल्या घरात सोफ्याच्या पायांमधून चेंडू मारायचात दोघं, खालचे मल्याळी काका तक्रार घेऊन आले होते. आठवतं?

आता सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या शेवटच्या सकाळी ड्युटीवर निघताना तुम्ही वहीतलं पान फाडून दिलंत, मॅचआधी मिथूला दे म्हणालात. माझ्या डोक्यात तिची बारावी. अभ्यास सोडून हे काय, असं म्हणत ते पर्समध्ये टाकलं आणि मुद्दाम दिलं नाही. तुम्ही तरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बायकोपासून छातीतलं दुखणं लपवून, ॲसिडिटी आहे म्हणत का गेलात हो?

त्या दिवशी मॅचमध्ये तिचा फटका गोलकीपरच्या पॅडवर आपटून परत आला. ती मान खाली घालून वळली होती. पक तिथेच पडून राहिली, पोरी एका गोलने हरल्या. तुम्ही काचेपलीकडून बघत होतात. अर्ध्या तासात प्लांटरूममध्ये कोसळलात.

मागच्या आठवड्यात भांडी विसळताना ती एकदम म्हणाली, "बाबांनी शेवटचं माझं चुकणंच पाहिलं." मी नळ बंद केला आणि ताटं पुसायला घेतली. पान तर पर्समध्येच होतं.

आज पहिल्यांदा ते उलगडून वाचलं. तुमचं ते गिचमिड अक्षर! "मिथू, फटका अडणारच. दहातले आठ अडतात. अडला तरी वळू नकोस, पुढे जा. सुटलेली पक तिथेच असते." खाली गोलचं चित्र, आणि गोलच्या अगदी समोर पेन्सिलने गिरवलेला गोळा.

म्हणजे चुकणार हे तुम्ही धरूनच चालला होतात! आणि सात महिने ती काय समजून बसली!

भीती वाटते हो. मॅचच्या तोंडावर दिलं आणि ती कोलमडली तर? "आई, तू दिलं का नाहीस?" असं विचारलं तर मी काय सांगू?

ती किटबॅग घेऊन रिंकच्या दाराशी उभी आहे. मी पान घेऊन उतरतेय. खरं तेच सांगीन. ती ओरडेल, कदाचित बोलायचीही नाही. पण मी वळणार नाही, पुढे जाईन. हा माझा शब्द.

तुमची,
सुनंदा